हौसेला मोल असतं

'हौसेला मोल नाही' असे ज्या कोणी प्रथम म्हटले, तो गृहस्थ दुकानात जाऊन भाव विचारणाऱ्यांतला नसावा. मी विचारला. हौसेला मोल असते. माझ्या हौसेचे ते सहा हजार आठशे रुपये निघाले, आणि रॉडचे पाकीट वेगळे.

हौस कसली, तर वेल्डिंगची. तुम्ही हसाल. निवृत्त माणसाने व्याख्यानमालेला जावे, पेटी शिकावी, फार तर गुलाबाची कलमे करावीत. एकसष्टाव्या वर्षी लोखंड वितळवावेसे वाटणे हे काही बरे लक्षण नव्हे, असे आमच्या घरातही मत पडले. पण या रोगाचे मूळ जुने आहे. मी कोल्हापूरचा. शाळेतून घरी येताना वाटेत उद्यमनगर लागायचे. एखाद्या शेडमधून निळापांढरा लखलखाट व्हायचा आणि आतून कोणी तरी ओरडायचे, "ए पोरा, बघू नगंस, डोळं जातील!" जे बघू नको म्हणून सांगितले जाते, ते माणूस पन्नास वर्षे विसरत नाही.

त्यानंतर मी छत्तीस वर्षे बँकेत कागदाला कागद जोडला. तोही टाचणीने. 'सोबत जोडले आहे' हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिले असेल, तितक्या वेळा खरोखर काही जोडले असते तर आज एखादा पूल माझ्या नावावर असता. तेव्हा निवृत्तीनंतर दोन वस्तू कायमच्या एक कराव्यात, असे वाटले तर त्यात माझे काय चुकले?

"जोडा की," ही म्हणाली. "पण रिकरिंगचे दहा हजार आलेत, त्याच्या वर एक रुपया मिळायचा नाही. आणि आधी मला कुंड्यांचा स्टँड."

इथून माझा अभ्यास सुरू झाला. मेहुणा इंजिनिअर. तो म्हणाला, "दाजी, घ्यायचं तर मिग घ्या. तार आपोआप पुढं येते, शिवणयंत्रासारखं काम." छान. पण त्या शिवणयंत्राच्या शेजारी गॅसचे सिलिंडर उभे करावे लागते, आणि सिलिंडरचा खर्च ऐकताना मेहुणा प्रथमच मला परका वाटला. सिलिंडरवाचून चालणारी, पोटात मसाला भरलेली तारही मिळते म्हणे. पण ती ओढणारे यंत्र आणि ती तार दोन्ही मिळून दहा हजारांचे कुंपण ओलांडून जात होती. टिगचे वर्णन ऐकले तर ते सोनाराचे काम. दोन नळकांड्यांचे गॅस वेल्डिंग घरात आणायचे म्हणताच हिने नुसते बघितले. तो विषय तिथेच विझला.

राहता राहिला रॉड. हा गरिबाचा मार्ग. चिमट्यात रॉड धरायचा, दुसरी तार कामाला चिकटवायची, रॉडचे टोक काडीसारखे ओढायचे आणि ठिणगी पडली की त्या उजेडात रॉड आणि लोखंड दोन्ही वितळवायचे. यातही दोन पंथ आहेत. जुना ट्रान्सफॉर्मर: तांब्याच्या गुंडाळ्यांचा, दोघांनी उचलायचा, मोडेल तर शपथ. आणि नवा इन्व्हर्टर: पाचसहा किलोंचा, पट्ट्याने खांद्याला अडकवावा असा. जुना घ्या म्हणणारे म्हणतात, 'तुमच्या नातवाला पुरेल.' माझी कंबर म्हणाली, नातू तो उचलायला येईपर्यंत माझे काय?

इन्व्हर्टर ठरला, तरी अँपिअर राहिलेच. दुकानात सगळ्या यंत्रांवर मोठ्या अक्षरांत २०० लिहिलेले. त्याच्या शेजारी २५०, त्याच्या शेजारी ३००. मनुष्यस्वभाव असा की ३०० दिसल्यावर २००चे यंत्र कुपोषित वाटू लागते. मी तिकडे हात लांबवणार, तोच दुकानदाराने विचारले, "घरच्या प्लगवर चालवणार ना?" आणि त्याने हिशेब मांडला. घरचा मोठा प्लग १६ अँपिअरचा. त्यातून फार तर साडेतीन हजार वॅट मिळणार. दोनशे अँपिअर बाहेर काढायचे तर त्याच्या जवळजवळ दुप्पट हवेत. "२५०चं घेतलं काय नि ३००चं घेतलं काय, घरी तुम्हाला तेवढंच मिळणार. तुमचा अडीच मिलिमीटरचा रॉड सत्तर-ऐंशी अँपिअरवर सुखानं जळतो." मी चकित झालो. गिऱ्हाइकाला स्वस्तातली वस्तू घ्या म्हणणारा दुकानदार मी प्रथमच पाहत होतो.

घरी येताना मनात आले, आपण आयुष्यभर हेच करत आलो की. माणसे घरात दोन, डिनरसेट चोवीस जणांचा. घड्याळ पाण्याखाली शंभर मीटर चालणारे, आणि मालकाला पोहता येत नाही. जी ताकद आपल्या भिंतीतल्या प्लगमधून कधी येणारच नाही, तिचे पैसे मोजून आपण निजतो. यंत्राच्या पाठीवर आणखी एक आकडा असतो: दहा मिनिटांतली किती मिनिटे त्याने पूर्ण जोराने काम करायचे आणि किती मिनिटे थंड व्हायचे. माझ्या यंत्रावर साठ टक्के होते. आमच्या काउंटरवर हा आकडा लिहायची सक्ती नव्हती, हे ग्राहकांचे नशीब.

आता बाकी उरली तीन हजार दोनशे. रॉड आणले, ग्राइंडर आणला, कातडी हातमोजे आणले. मुखवट्याशी मी अडखळलो. ठिणगी पडताच आपोआप काळा होणारा, डोक्याला घालायचा मुखवटा बाराशे रुपयांना होता. आणि यंत्राबरोबर काळ्या काचेची, हातात धरायची ढाल फुकट मिळाली होती. फुकट! छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला या शब्दापुढे उभे राहता येत नाही.

ढालीची गोम अशी, की एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात ढाल, आणि काम धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. शिवाय काळ्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणून नवशिका ढाल बाजूला करून 'जरासे' बघतो. मी त्या दुपारी परसात बसून तीसेक वेळा जरासे बघितले. संध्याकाळी काहीच नाही. रात्री अकरा वाजता कोणी तरी माझ्या दोन्ही डोळ्यांत पंचगंगेची वाळू ओतली. त्या उजेडातले अतिनील किरण बुबुळाची वरची कातडी भाजून काढतात, आणि त्याची पावती काही तासांनी मिळते. डॉक्टरांनी थेंब दिले आणि दोन दिवसांत बरे वाटेल म्हणाले. वाटलेही. पण त्या दोन दिवसांत, पट्टी बांधलेल्या नवऱ्याला चहाचा कप हातात देताना हिने एकच प्रश्न विचारला, "अहो, यंत्र सहा हजार आठशेचं घेतलंत. डोळे केवढ्याचे?"

काटकसर म्हणजे काय, हे मला तोवर कळते असे वाटत होते. पैसे कमी असले की कुठे तरी कात्री लावावी लागते, हे खरेच. पण कात्री कुठे लावली यावरून माणूस कळतो. मी लोकांना दिसणाऱ्या वस्तूवर खर्च केला आणि स्वतःच्या डोळ्यांवर वाचवला. बाराशेचा मुखवटा दुसऱ्या आठवड्यात आला. बजेट फुटले. हिने ते फुटू दिले.

कुंड्यांचा स्टँड झाला. तो थोडा डावीकडे झुकतो, पण तुळस उजवीकडे ठेवली की कळत नाही. मग एक स्टूल झाले. आणि मग माझ्या डोक्यात झोपाळा शिरला. सहा वर्षांची नात मे महिन्यात येणार होती. पाइपचा सांगाडा, वर आडवा पाइप, त्याला दोन कड्या. आता माझा हात बसला होता. कडीचा सांधा तर असा उतरला की वरची काळी खपली ठोकून काढल्यावर खाली माशाच्या खवल्यांसारखी ओळ. मी तो आडवा पाइप स्कूटरवर आडवा घेऊन उद्यमनगरात गेलो. ज्या मिस्त्रीकडे आमचे गेट केले होते, त्याला नुसता दाखवायला. खरे सांगायचे तर शाबासकी घ्यायला.

मिस्त्रीने पाइप फिरवून बघितला. "काका, दिसायला लई ग्वाड झालंय."

मी विनयाने खाली बघितले.

"पन धरलंय का बघू," म्हणून त्याने हातोडी उचलली आणि कडीवर दोन ठोके घातले. तिसरा घालावा लागला नाही. कडी शेजारच्या पत्र्यावर जाऊन पडली. पाइपवर कडी बसली होती तिथे नुसता एक चट्टा. "आत शिरलंच न्हाई बघा. वरनं लोणी लावल्यागत झालंय. करंट कमी, हात घाईचा. कोन बसनार व्हतं यावर?"

मी सांगितले नाही. सांगवले नाही.

त्या रात्री झोप आली नाही. या वेळी डोळ्यांत वाळू नव्हती. हौशी माणसाला जग फार माफ करते. हौशी गवई बेसूर झाला तर श्रोते चहाला उठतात. हौशी कवीने नुसतेच यमक जुळवले तर कोणाचे हाड मोडत नाही. पण सांध्याचे तसे नाही. सांधा हे एक वचन असते, आणि ते अशा माणसाला दिलेले असते ज्याला ते तपासता येत नाही. झोपाळ्यावर बसणारी पोर हातोडी घेऊन येत नाही. 'आजोबांनी केलाय' एवढाच तिचा तपास.

आणि फसवणूक फक्त हौशीच करतात असेही नाही. १९४३च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला एक नवे कोरे तेलवाहू जहाज बांधून उभे होते. वादळ नाही, लाट नाही. रात्री मोठा आवाज झाला आणि स्केनेक्टडी नावाचे ते जहाज जवळजवळ मधोमध दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि वेल्डिंगमधले दोष, असे कारण निघाले. बाहेरून ते जहाज माझ्या कडीसारखेच ग्वाड दिसत असणार. उलट दिल्लीचा लोहस्तंभ घ्या. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून ठोकून एकजीव केलेला, सुमारे सोळाशे वर्षे उभा. ज्यांनी तो ठोकला त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. सांधे मात्र धरून आहेत.

मग माझ्यासारख्याने हौस करूच नये का? दोनशे रुपयांत मिस्त्री जे काम करून देतो, त्यासाठी दहा हजार घालून स्वतःचे आणि नातीचे हाल करायचा अधिकार मला आहे का? मी बराच विचार केला. मला वाटते, वाईट सांधा करायचा अधिकार हौशाला आहे. शिकायचे म्हणजे तेच. तो चांगला म्हणून दुसऱ्याच्या वजनाखाली ठेवायचा अधिकार नाही. आय.टी.आय.च्या फलकावर वेल्डरला 'संधाता' म्हणतात. 'विधाता'च्या चालीवरचा हा शब्द वाचून मी पूर्वी हसलो होतो. आता हसत नाही. जुळवणारा तो कोणीही. धरणार याची जबाबदारी घेतो तो संधाता.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. मी केलेला पहिला तुकडा मी शिकंज्यात धरून हातोडीने तोडून बघतो. स्वतःचे काम स्वतः तोडायला फार जड जाते, हे सांगून ठेवतो. माणूस दुसऱ्याच्या कामावर हातोडी किती सहज उचलतो! तुटला की आत बघायचे: कुठे शिरला, कुठे नुसता बसला. आणि जी वस्तू बसायची असेल, तिच्यावर आधी मी बसायचे. स्टुलावर मी आठ दिवस बसलो. हिला नववा दिवस.

झोपाळ्याच्या कड्या मी मिस्त्रीकडून करून घेतल्या. त्याने मला शेजारी उभे केले, मुखवटा घालायला लावला आणि रॉड कुठे थांबवायचा, कुठे पुढे सरकवायचा ते दाखवले. वर स्वतः कडीला लोंबकळून दाखवले. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "राहू द्या की काका, तुमी आता आमच्यातलंच."

बँकेत छत्तीस वर्षांत मला इतकी मोठी बढती मिळाली नव्हती. पैसे मात्र मी दिले.

मेमध्ये नात आली. झोपाळ्यावर बसली, चार झोके घेतले आणि ओरडून विचारले, "आजोबा, हा तुम्ही केलात?"

ही शेजारी उभी होती. पोरीचे डोळे चमकत होते. 'हो' म्हणायला काय लागत होते? तेवढा एक शब्द वरून लोण्यासारखा बसला असता.

"कड्या मिस्त्रीकाकांनी केल्या," मी म्हणालो. "रंग मी दिलाय."

"रंग छान आहे," नात म्हणाली, आणि तिने आणखी जोरात झोका घेतला.