लाभांश नसलेली भागीदारी

शेअर विकत घेणारा मनुष्य सामान्यतः तीन अपेक्षा बाळगून असतो. वर्षाकाठी लाभांश मिळावा, भाव चढावा, आणि अडीअडचणीच्या वेळी तो विकून चार पैसे हाती यावेत. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या शहरात 'ग्रीन बे पॅकर्स' नावाचा एक व्यावसायिक फुटबॉल संघ आहे. त्याचे शेअर पाच लाखांहून अधिक लोकांनी घेतले आहेत, आणि या तीन अपेक्षांपैकी एकही पुरी होणार नाही हे त्यांना पैसे देण्यापूर्वीच लेखी कळविलेले असते. लाभांश कधीही मिळत नाही. भाव चढण्याचा प्रश्नच नाही, कारण शेअर बाजारात विकता येत नाही; फार तर घरातील माणसाच्या नावे करता येतो. ज्याच्यासाठी जीव टाकावा ते सामन्याचे तिकीटसुद्धा त्या शेअरमुळे मिळत नाही. मिळतो तो वार्षिक सभेस बसण्याचा व संचालक मंडळासाठी मत देण्याचा अधिकार, आणि भिंतीवर लावण्याजोगा एक कागद. तरीही २०२१ च्या नोव्हेंबरात ३०० डॉलरला एक या दराने नवे शेअर विक्रीस काढले गेले, तेव्हा काही महिन्यांतच सहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली.

व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. मला या वेडेपणाने बरेच दिवस विचारात पाडले आहे. परतफेडीची आशा न धरता देणे हा आपल्या प्रभूच्या शिकवणीचा गाभा. आणि तो येथे, खेळाच्या मैदानावर, आपल्या कित्येक मंडळ्यांपेक्षा अधिक सहजपणे आचरणात आलेला दिसतो. हे खरेखुरे देणे आहे, की देण्याचे नुसते समाधान विकत घेणे आहे?

वाचकांसाठी एक खुलासा करावयास हवा. हा फुटबॉल म्हणजे गोव्यात किंवा कोलकात्यात खेळला जातो तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून, अंगावर चिलखतासारखा साज चढवून खेळावयाचा हा अमेरिकेचा स्वतःचा खेळ आहे. त्याच्या राष्ट्रीय लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि ते न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा महानगरांच्या आश्रयाने राहतात. ग्रीन बेची वस्ती २०२० च्या जनगणनेनुसार एक लाख सात हजार, म्हणजे आपल्या साताऱ्यापेक्षाही थोडी कमीच. एवढ्या लहान गावात जाहिरातदार किती, प्रेक्षक किती! बाजाराच्या न्यायाने हा संघ केव्हाच नामशेष व्हावयास हवा होता.

तो झाला नाही, याची हकिगत रंजक आहे. १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने तो उभा केला. मांस डबाबंद करणाऱ्या ज्या कंपनीत तो नोकरीस होता तिने पोशाखासाठी पैसे दिले, म्हणून नाव 'पॅकर्स'. चार वर्षांत संघ कर्जात बुडाला. तेव्हा गावातील व्यापारी व प्रतिष्ठित मंडळींनी १९२३ मध्ये पाच डॉलरला एक असे शेअर काढले, आणि शेअर घेणाऱ्याने हंगामाची तिकिटेही घेतली पाहिजेत अशी अट घातली. पुढे एक प्रेक्षक बाकांवरून खाली पडला. त्याने दावा लावून पाच हजार डॉलरची भरपाई जिंकली, पण विमा कंपनीच बुडालेली! संघ पुन्हा रस्त्यावर आला आणि १९३५ मध्ये गावाने पुन्हा पदर पसरून पंधरा हजार डॉलर जमविले. १९५० मध्ये तिसऱ्यांदा हेच घडले.

या साऱ्यात मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती संस्थेच्या घटनेतील एक तरतूद. संघ कधी विसर्जित झाला, तर उरलेला पैसा भागधारकांत वाटावयाचा नाही. तो माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेकडे स्मारकासाठी जावयाचा, असे तीत म्हटले होते. १९९७ साली ती बदलून लाभार्थी म्हणून संघाच्या धर्मादाय निधीचे नाव घालण्यात आले. म्हणजे हा संघ विकून कोणासही श्रीमंत होता येत नाही. लोभाला वाव राहू नये म्हणून लोभाची वाटच बुजवून टाकावी, हे शहाणपण मला कोणत्याही उपदेशाहून मोलाचे वाटते. मनुष्यस्वभावावर फारसा विश्वास न ठेवणाऱ्या माणसांनीच ते केले असावे.

वाट बुजविली नसती तर काय झाले असते, हे इतर शहरांकडे पाहिल्यास कळते. १९८४ च्या मार्चमध्ये एका रात्री बॉल्टिमोर शहराच्या संघाचे सामान मालमोटारींत भरून इंडियानापोलिसला नेण्यात आले; पहाटे गाव जागे झाले तो संघ गेलेला. क्लीव्हलँडची कथा याहून बोचरी आहे. तेथील प्रेक्षक निष्ठेसाठी नावाजलेले. १९९५ च्या नोव्हेंबरात मालकाने संघ हलविण्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी जुन्या मैदानाच्या दुरुस्तीसाठी कर चालू ठेवण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने मत दिले. त्या मताचा काही उपयोग झाला नाही. घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्यात लोकांनी बसावयाचे बाक उखडून मैदानात फेकले. आणि संघ गेला कोठे? बॉल्टिमोरला! ज्या गावाने हे दुःख स्वतः भोगले होते, त्याच गावाने ते दुसऱ्याला दिले. मेंढरांचा धनी नसलेला मोलकरी संकट येताच पळून जातो, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. येथे मात्र कायद्याने धनी असलेला मनुष्यच पळाला, आणि कळप जागच्या जागी राहिला. आपल्याकडेही मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा संघ २०१० मध्ये आणि पंजाबातील फगवाड्याचा जे. सी. टी. २०११ मध्ये बंद झाला. निर्णय कंपन्यांचा होता. वर्षानुवर्षे त्यांचे सामने पाहणाऱ्यांच्या हाती तो नव्हता.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की ग्रीन बे गावाच्या प्रेमाने संघ वाचविला. मलाही आरंभी तसेच वाटत होते. परंतु ते अर्धे सत्य आहे, आणि आपण ख्रिस्ती लोक अशा अर्ध्या सत्यावर फार लवकर भाळतो. गावाने कितीही पदर पसरला असता तरी दूरचित्रवाणीचा पैसा आल्यावर तो अपुराच पडला असता. न्यूयॉर्कच्या सामन्यांच्या प्रसारणाला जी किंमत येणार, ती ग्रीन बेच्या सामन्यांना कोठून यावी? १९६१ मध्ये लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनी सर्व संघांचे प्रसारण एकत्र विकून येणारी रक्कम सारखी वाटून घ्यावी असा आग्रह धरला, आणि तसे करता यावे म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला. सर्वाधिक तोटा होणार होता तो न्यूयॉर्कच्या संघाचा. त्या संघाच्या मारा कुटुंबाने संमती दिली. तिकीटविक्रीतीलही सुमारे एक तृतीयांश हिस्सा पाहुण्या संघांसाठी सामाईक निधीत टाकण्याची पद्धत पडली. रानात मान्ना गोळा करताना ज्याने फार गोळा केले त्याला जास्त उरले नाही, ही निर्गमातील कथा आणि तिच्या आधारे पौलाने करिंथकरांना केलेले समानतेचे आवाहन आपल्या परिचयाचे आहे. आपल्या मंडळ्यांत ते दानाच्या रविवारी वाचले जाते. अमेरिकेतील धनाढ्य संघमालकांनी ते करारात लिहून घेतले.

ते संत होते म्हणून नव्हे. प्रतिस्पर्धीच उरला नाही तर खेळावयाचे कोणाशी, हा त्यांचा साधा हिशेब होता. तरीही डोळा हाताला 'तुझी मला गरज नाही' असे म्हणू शकत नाही, हे हिशेबाने का होईना त्यांना उमगले. आणि याच मालकांनी ग्रीन बेसारखी लोकमालकी दुसऱ्या कोणत्याही संघाला मिळू नये असाही नियम केला. ग्रीन बे तेवढे जुने म्हणून अपवाद राहिले. आपल्या मोठ्या शहरांतील संपन्न मंडळ्या आणि परप्रांतात पंधरा-वीस कुटुंबांच्या बळावर मराठी उपासना टिकवून धरणाऱ्या मंडळ्या यांच्यात असा कोणता करार आहे? प्रेम पुष्कळ आहे. नाताळात शुभेच्छापत्रेही येतात.

आता तिकिटांकडे वळू. १९७३ पासून लीगचा एक नियम होता. सामन्याच्या बहात्तर तास आधी सर्व तिकिटे खपली नाहीत, तर त्या परिसरात सामना दूरचित्रवाणीवर दाखवावयाचा नाही. ज्यांना तिकीट घेणे परवडते त्यांनी घेतले नाही, तर शिक्षा ज्यांना परवडत नाही त्यांना! रुग्णशय्येवरचा वृद्ध, रविवारी पाळीवर असलेला कामगार, चार लेकरांची आई. या नियमातून सुटण्यासाठी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल या शहराच्या संघाने २००५ पासून मैदानातील हजारो आसने ताडपत्रीने झाकून टाकली, म्हणजे तेवढी तिकिटे विकावयाचीच उरली नाहीत. खुद्द ग्रीन बेला १९६० पासून हंगामाचे प्रत्येक तिकीट आधीच विकले जाते, पण २०१४ च्या जानेवारीत बाद फेरीच्या एका सामन्याची तिकिटे कडाक्याच्या थंडीत शिल्लक राहिली आणि शेवटी काही स्थानिक व्यवसायांनी ती उचलली. २०१५ मध्ये लीगने हा नियम स्थगित केला. मैदाने त्यामुळे ओस पडली नाहीत.

हा नियम वाचताना मला आपल्याच घरची आठवण झाली. अनेक मंडळ्यांत वर्गणी थकलेल्या सभासदाचे नाव मतदारयादीतून गळते. कारणे रास्त असतात. इमारतीची डागडुजी आणि पाळकांचे वेतन आकाशातून पडत नाही. परंतु मंदिरातील भांडारासमोर बसून प्रभूने त्या विधवेच्या दोन टोल्या मोजल्या त्या रकमेने नव्हेत. जिच्यापाशी त्या दोन टोल्याही नाहीत, तिचे नाव कोणत्या यादीत लिहावयाचे?

ग्रीन बेलाही याचे उत्तर सापडलेले नाही. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत. बाळ जन्मताच त्याचे नाव नोंदविणारे आईबाप आहेत, आणि तिकिटे कुटुंबातच पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. २००० साली मैदानाच्या नूतनीकरणासाठी तेथील ब्राउन परगण्यात विक्रीवर अर्धा टक्का कर बसविण्याचा प्रस्ताव थोड्या मताधिक्याने संमत झाला. २०१५ पर्यंत तो कर प्रत्येकाने भरला. ज्याने विरोधात मत दिले त्यानेही, आणि ज्याला आयुष्यात त्या मैदानात बसावयास मिळणार नाही अशा मोलमजुरी करणाऱ्या बाईनेही. जे स्वेच्छेने दिले तेच दान. करातून वसूल केलेल्या प्रेमाला मी ते नाव देऊ शकत नाही. त्या गावावरील माझी माया या एका गोष्टीपाशी अडखळते.

खेळाची अशी भक्ती ही मूर्तिपूजा नव्हे काय, असे कोणी विचारील. सामने बहुतेक रविवारी असतात, तेव्हा शंका अस्थानी नाही. १९६७ च्या ३१ डिसेंबरला, तो रविवारच होता, उणे पंचवीस अंश सेल्सियसच्या थंडीत पन्नास हजारांहून अधिक लोक उघड्यावर बसून राहिले. त्यांच्या संघाचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी हे रोज मिस्सेला जाणारे कॅथलिक. भक्ती कोठे संपते आणि वेड कोठे सुरू होते, हे ठरविण्याचा उत्साह माझ्यापाशी नाही. त्या भक्तीतून पुढे काय निघते, एवढेच मी पाहतो.

१९९३ मध्ये रेजी व्हाइट हा नामांकित कृष्णवर्णीय खेळाडू या संघात आला. तो दीक्षित बॅप्टिस्ट उपदेशक होता, आणि देवाने आपल्याला येथे पाठविले असे तो उघडपणे सांगे. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे ज्या मंडळीत तो सेवा करीत असे, तिचे उपासनामंदिर १९९६ च्या जानेवारीत कोणी तरी जाळले. ही बातमी कळताच विस्कॉन्सिनमधील लोकांनी, त्यांत ग्रीन बेच्या चाहत्यांनी, पैसे पाठविण्यास आरंभ केला. मंदिर हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर होते. तेथे प्रार्थनेला बसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ग्रीन बेचे मैदान पाहिलेले नसावे, तिकीट घेण्याची तर गोष्टच नको. त्या पैशाच्या बदल्यात पाठविणाऱ्यांना भिंतीवर लावावयास कागदही मिळाला नाही.