फळ न बघता नाव देणाऱ्यांनो

फोन बाकावर पालथे ठेवा आणि इकडे लक्ष द्या. साताऱ्याच्या पठारांवरून तुम्ही आणलेल्या हर्बेरियम शीट मी एकेक करून तपासल्या. पांढऱ्या फुलांची छत्री दिसली की खाली 'पिंडा कोकनेन्सिस' लिहायचं आणि मोकळं व्हायचं, असा तुम्ही सगळ्यांनी मिळून सपाटा लावलेला दिसतो. नाव कशावरून ठरवलं असं विचारलं, तर उत्तर काय, "सर, ॲपने सांगितलं." पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्याच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही. ॲपने काय सांगितलं ते मला नको आहे. तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते हवं आहे, आणि तो रकाना सगळ्यांनीच कोरा सोडला आहे.

एका शीटवर तर चक्क गाजर गवत चिकटवलं आहे आणि वर 'एपिएसी', म्हणजे गाजराचं कुळ, असं लिहिलं आहे. पान गाजरासारखं कातरलेलं दिसलं, तेवढ्यावर निकाल लागला. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं आणि आज देशभर पसरलेलं हे तण सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही त्याचं एक पांढरं 'फूल' भिंगाखाली धरलं असतं, तर ते एक फूल नसून अनेक बारीक फुलांचं डोकं आहे आणि कडेला पाच फुलं बसली आहेत, हे लगेच कळलं असतं. भिंग प्रत्येकाच्या गळ्यात होतं. डोळ्यापर्यंत एकाचंही गेलं नाही.

तुमचे फोटोही बघितले. सगळे वरून काढलेले. या कुळातली झाडं वरून जवळजवळ सारखीच दिसतात. जगात यांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरींना अशीच पांढरी छत्री येते. ओळखीच्या खुणा असतात त्या छत्रीच्या खाली, देठाच्या तळाशी, खोडावर आणि फळात. वरून फोटो काढणारा या सगळ्या खुणा झाकून टाकतो आणि मग यंत्राला नाव विचारतो.

आता पहिल्यापासून ऐका, आणि यापुढे याच क्रमाने बघायचं.

आधी खोड. ते पेरांमध्ये पोकळ आहे का, त्यावर उभ्या रेषा आहेत का, केस आहेत की ते गुळगुळीत आहे, डाग आहेत का? मग पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो ती जागा. या कुळात देठाचा तळ रुंद होऊन खोडाला म्यानासारखा कवटाळतो. मग छत्री. एका बिंदूतून निघालेल्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक छोटी छत्री, असा दुहेरी फुलोरा या कुळात बहुधा असतो. मोठ्या छत्रीच्या बुडाशी छदं आहेत का, लहान छत्र्यांच्या बुडाशी छदकं आहेत का, ती किती आहेत, साधी आहेत की चिरलेली, हे वहीत उतरवायचं. छदं नसतील तर 'नाहीत' असं लिहायचं. नसणं हीसुद्धा खूणच आहे.

मग एक फूल घ्या. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, अंडाशय पाकळ्यांच्या खाली आणि त्यावर एका गादीवर बसलेले दोन कुक्षीवृन्त. छत्रीच्या कडेच्या फुलांत बाहेरच्या अंगाच्या पाकळ्या मोठ्या झाल्या आहेत का ते बघा. परसातली कोथिंबीर फुलली की हे घरबसल्या दिसतं.

आणि शेवटी फळ, ज्याची तुमच्या एकाही शीटवर नोंद नाही. कुठल्याही फ्लोराची किल्ली उघडा, या कुळाशी आल्यावर ती चार पावलांत फळ मागते. ग्रंथालयात कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा आहे, महाराष्ट्र राज्याचा फ्लोरा आहे. दोन्हींवर धूळ आहे, याचा अर्थ त्यांना हात लागलेला नाही.

फळ कसं बघायचं तेही सांगतो. या कुळाचं फळ पिकलं की त्याची दोन दळं होतात आणि बहुतेकांत ती मधल्या बारीक काडीला लोंबकळत राहतात. प्रत्येक दळाच्या पाठीवर पाच मुख्य कंगोरे असतात. कंगोऱ्यांच्या मधे, आतल्या बाजूला, तेलाच्या नळ्या असतात. वास येतो तो त्यातून. बडीशेपेचा एक दाणा ब्लेडने आडवा कापून भिंगाखाली धरा. दळाच्या पाठीकडे चार आणि जोडाच्या सपाट बाजूला दोन, असे सहा गडद ठिपके दिसतील. तेच धण्याचं दळ कापा. पाठीकडे काही नाही, फक्त जोडाच्या बाजूला दोन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फळ चपटं आहे, एवढं लिहून भागत नाही. कुठल्या दिशेने चपटं, ते लिहा. काही फळं जोडाच्या पातळीतच चपटी होतात, त्यामुळे दोन दळांचा जोड रुंद राहतो आणि कडेला बहुधा पंख येतात. बाळंतशेप तशी आहे. काही फळं दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी असतात, तिथे जोड अरुंद होतो. ओव्याच्या जवळची बरीच मंडळी या दुसऱ्या गटात बसतात. एवढी एक गोष्ट पाहिली असती तरी तुमच्या निम्म्या शीटवरची चुकीची नावं गळून पडली असती.

आपल्याच सह्याद्रीचं बघा. पंद, म्हणजे तुमचं लाडकं पिंडा कोकनेन्सिस, पावसाळ्यात पठारावर पांढरं फुलतं, कडेच्या फुलांच्या पाकळ्या मोठ्या असतात, फळ जोडाच्या पातळीत चपटं आणि पंखांचं. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी ते हेराक्लियम प्रजातीत ठेवलं होतं. १९८६ मध्ये मुखर्जी आणि कॉन्स्टन्स यांनी ते वेगळं काढून त्याची स्वतंत्र प्रजाती केली. ज्या झाडाची जागा ठरवायला एवढा काळ लागला, त्याला तुम्ही दोन सेकंदांत नाव देता! त्याच डोंगरातल्या पिंपिनेला प्रजातीच्या जातींनाही पांढऱ्या छत्र्या येतात. त्यांना मोठ्या छत्रीखाली छदं बहुधा नसतात आणि फळ इवलंसं, बाजूंनी दाबलेलं असतं. तुमच्या 'पिंडा'पैकी किती पिंपिनेला आहेत, हे मीसुद्धा आता सांगू शकत नाही. फळ नाही, छदांची नोंद नाही, मग सांगणार कशावरून?

बाफळी तर फुलानेच वेगळी पडते, तिची फुलं पिवळी. आणि ओलाव्यात जमिनीला चिकटून पसरणारी मंडूकपर्णी, गोलसर मूत्रपिंडासारखं अखंड पान, दुहेरी छत्री नाही की कातरलेलं पान नाही, तरी ती याच कुळातली. तिच्यासारखीच दिसणारी हायड्रोकॉटाइल प्रजाती मात्र आता या कुळातून काढून आयव्हीच्या कुळात नेली आहे. पान बघून कूळ ठरवणाऱ्याला ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

आता ज्यासाठी मी आज शिकवणं बाजूला ठेवलं, ते ऐका. तुमच्यातल्या एकाने पठारावर पान चोळलं, वास कोथिंबिरीसारखा आला म्हणून ते चघळलं, आणि बाकीचे हसत उभे राहिले. त्याचं नाव मी घेणार नाही, त्याला ठाऊक आहे. हसणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

जिरं, धणे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर, हिंग देणारी फेरुला, हे सगळं ज्या कुळाने दिलं, त्याच कुळाने हेमलॉक दिलं. इ. स. पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसला दिलेलं विष तेच मानलं जातं. त्यातल्या कोनाइनने स्नायू लुळे पडत जातात आणि शेवटी श्वास थांबतो. याच कुळातल्या सिक्युटाचा जाड बुडखा उभा चिरला तर आत आडवे कप्पे दिसतात. तो खाणाऱ्याला झटके येतात आणि माणूस दगावतो. युरोप-अमेरिकेत रानगाजर किंवा रानातला कंद समजून ही झाडं खाल्ल्याने माणसं मेली आहेत. तुमच्यातले काही जण उद्या तिकडे शिकायला जाणार आहेत. तिथल्या रस्त्याकडेला रानगाजर आणि हेमलॉक दोन्ही पांढऱ्या छत्र्या घेऊन उभी असतात. रानगाजराचं खोड केसाळ, छत्रीखालची छदं लांब आणि पिसासारखी चिरलेली, फळावर काटेरी केस. हेमलॉकचं खोड बिनकेसाचं, पोकळ, बहुधा जांभळ्या डागांचं, फळाचे कंगोरे नागमोडी. डाग दरवेळी ठळक असतीलच असं नाही, म्हणून एका खुणेवर जीव टांगू नका. सगळ्या खुणा जुळल्याशिवाय नाव नाही, आणि नाव ठरलं तरी रानातलं या कुळातलं काहीही तोंडात घालायचं नाही. हातसुद्धा धुवायचे. कॉकेशसमधून युरोपभर पसरलेल्या राक्षसी हेराक्लियमचा रस अंगाला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात.

तुम्हाला वाटेल, आपल्या पठारावर हेमलॉक कुठे आहे? नसेल. पण चघळून ओळखायची सवय इथे लागली की ती तुमच्याबरोबर विमानात बसते. ही सवय मला आजच मोडायची आहे.

आणखी एक. मुळाचा कंद बघायचा म्हणून कोणीतरी पंद मुळासकट उपटलं आहे. हे झाड जगात फक्त पश्चिम घाटात उगवतं. तुमच्या शीटसाठी ते मरायला नको होतं. फळाची एक काडी, खालचं एक पान आणि नीट केलेली नोंद एवढ्यावर काम भागलं असतं. नोंद करायचा आळस आला म्हणून झाड उपटलं गेलं. ॲपवर विसंबणं, पान चघळणं आणि झाड उपटणं हे मला तीन वेगळे गुन्हे वाटत नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच घाई आहे, बघण्याआधी उरकून टाकायची.

मी एवढा संतापतो कारण तुमच्यात चांगली नजर आहे. दोघी-तिघींच्या शीटवरचं चिकटकाम, दाबकाम, पानं पसरवणं उत्तम आहे. ज्यांचे हात इतके नीट चालतात त्यांचे डोळे असे झोपलेले मला चालणार नाहीत.

सगळ्या शीट परत घेऊन जा. सोमवारपर्यंत घरातले धणे, जिरं, ओवा, बडीशेप आणि बाळंतशेप घेऊन प्रत्येकाच्या फळाचा आडवा छेद काढायचा. कंगोरे, पंख, तेलनळ्या आणि जोडाची रुंदी हाताने काढलेल्या चित्रात दाखवायची. नेटवरचं चित्र उतरवलेलं मला लगेच कळतं. पठारावर फळं धरली की आपण पुन्हा जाणार आहोत, परवानगी काढून, आणि कोणीही काही उपटणार नाही. तोवर एका सकाळी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये जाऊन जुन्या शीट कशा असतात ते बघून या.

नव्या शीटवर प्रत्येक नावाखाली किमान चार खुणा हव्यात, त्यातली एक फळाची. फळ मिळालं नाही तर कुळाचं नाव लिहा आणि जातीची जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेचे गुण मी कापणार नाही. कारण न देता ठोकून दिलेल्या नावाचे सगळे कापणार.