कुठल्या जातीचा?

रस्त्यातून कुणी कुत्रा घेऊन चाललं असेल, तर त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या जातीचा आहे?" नाव, वय, चावतो का, हे सगळं नंतर. माणसाला असं तोंडावर विचारणं हल्ली असभ्य समजलं जातं (आडनाव विचारून काम भागवता येतं, हा भाग वेगळा), पण कुत्र्याच्या बाबतीत आपण मोकळे असतो. इंग्रजीत ब्रीड आणि कास्ट असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींसाठी एकच, 'जात'. चांगल्या कुत्र्याला आपण 'जातिवंत' म्हणतो आणि उरलेल्यांना 'गावठी'. हे शब्द कुठून आले हे आपल्याला माहीत असतं, आणि तरी ते वापरताना जीभ अडखळत नाही.

हा प्रश्न मला नव्याने पडला तो मावसबहिणीमुळे. तिच्या घरी तेरा वर्षांची मांजर आहे, बाल्कनीत पिंजऱ्यात चार बजरीगार आहेत आणि मुलाला कुत्रा हवा आहे. "मांजरीबरोबर राहील अशी जात सांग," ती म्हणाली. प्रश्न साधा आहे आणि त्याची उत्तरंही तयार मिळतात. लॅब्रेडोर चालेल, गोल्डन रिट्रीव्हर उत्तम, हस्की नको, टेरियर नको, ग्रेहाउंड अजिबात नको. या याद्या अगदीच टाकाऊ नसतात. पण त्या वाचताना वाटत राहतं, की फ्रिज घेतानाही आपण असंच विचारतो. किती लिटर, किती स्टार, वॉरंटी किती वर्षांची. जिवाबद्दल असा प्रश्न विचारणं बरोबर की चूक, हे यादीत लिहिलेलं नसतं.

आधी जात म्हणजे काय ते पाहू. लांडग्याची शिकार हा एक क्रम असतो. नजर रोखायची, दबा धरायचा, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं, फाडायचं. कुत्र्यांच्या जाती घडवताना माणसाने हजारो वर्षं या साखळीतल्या काही कड्या जाड केल्या आणि काही झिजवल्या. बॉर्डर कॉलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग ठेवला, चावा दाबून टाकला. त्यामुळे तो मेंढ्या वळवतो, खात नाही. रिट्रीव्हरने पडलेलं बदक तोंडात धरून आणायचं, पण दात रुतवायचे नाहीत. टेरियरला मात्र शेवटच्या कड्याच हव्या होत्या, कारण त्याला बिळात घुसून उंदीर-घुशी मारायच्या होत्या. डॅशहुंडच्या जर्मन नावात तर सावजाचंच नाव आहे, 'डाख्स' म्हणजे बॅजर. आपण हौसेने ज्याला 'सॉसेज' म्हणतो त्याचे आखूड पाय बिळात शिरण्यासाठी आहेत.

आपल्याकडचं उदाहरण कारवानचं. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात हे सडपातळ, लांब पायांचे, खोल छातीचे कुत्रे पिढ्यानपिढ्या पाळले गेले. त्याचाच भाऊ मुधोळचा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात नावारूपाला आणली आणि 2005 साली पोस्ट खात्याने काढलेल्या चार देशी कुत्र्यांच्या तिकिटांमध्ये ती होती. हे नजरेने शिकार करणारे कुत्रे आहेत. मोकळ्या माळावर ससा उठला की त्याच्या मागे सुटायचं, हे त्यांचं काम. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण कायदा कुत्र्याच्या पायांना कळवता येत नाही. त्याला पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या घरात आणलं, आणि सोफ्याखालून मांजर सुसाट पळाली, तर तो काय करील? ज्यासाठी त्याच्या पूर्वजांना शाबासकी मिळाली, तेच करील. या वेळी मात्र त्याला शिक्षा होईल.

महाभारताच्या आदिपर्वात सरमा या देवशुनीची गोष्ट आहे. जनमेजयाच्या यज्ञाच्या ठिकाणी तिचं पिल्लू जातं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन जाब विचारते. पिल्लाने हवी चाटला नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग मारलं का? कुणाकडेच उत्तर नसतं आणि ती शाप देते. त्या पिल्लाने काहीच केलं नव्हतं, त्यामुळे न्याय सोपा होता. मांजर पकडणाऱ्या टेरियरची आई जाब विचारायला आली तर प्रकरण अवघड आहे. तिच्या पिल्लाने केलं आहे, पण ते त्याला कुणी दिलं? अपराधाची जबाबदारी मागे मागे नेली तर ती पैदास करणाऱ्यापर्यंत जाते, आणि त्याहून जवळ, निवडणाऱ्यापर्यंत. मला वाटतं, जातीची चौकशी करण्याचं खरं नैतिक कारण हे आहे. ज्या स्वभावासाठी आपण उद्या कुत्र्याला बडवणार आहोत, तो आज जाणून घेणं आपल्यावर बंधनकारक आहे. घोड्याने गवताशी दोस्ती करावी अशी अट घालून घोडा आणू नये.

इथपर्यंत सगळं जातीच्या बाजूने झालं. आता दुसरी बाजू. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांबद्दल मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकक्रम त्यात होते. निष्कर्ष असा, की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता येतो. काही गुणांत जात जास्त बोलते, उदाहरणार्थ सांगितलेलं ऐकण्याची तयारी. कशाने किती लवकर चिडतो, यात जवळजवळ बोलतच नाही. आज ज्याला आपण जात म्हणतो तिचं बरंचसं रूप व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये ठरलं. 1859मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं, 1873मध्ये केनेल क्लब निघाला आणि कान, शेपूट, रंग यांचे नियम कागदावर आले. कामासाठी निवड मागे पडली, दिसण्यासाठीची पुढे आली. म्हणजे प्रमाणपत्रावर लिहिलेली जात हा बराचसा पोशाख आहे.

मग ग्रेहाउंड 'अजिबात नको' हे खरं की खोटं? ब्रिटनमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडना घरं शोधून देणाऱ्या संस्था काय करतात ते पाहण्यासारखं आहे. त्या एकेका कुत्र्याची मांजरीसमोर परीक्षा घेतात. तोंडाला जाळी, गळ्यात पट्टा, हातात दोरी, समोर मांजर. कुणी नजर रोखून थिजतो आणि हाक मारली तरी ऐकत नाही, तो नापास. कुणी एकदा बघून तोंड फिरवतो. तोच वंश, तीच शर्यत, तेच वय, आणि उत्तर वेगळं. मला ही पद्धत पटते. जात काय तपासायचं ते सांगते, निकाल मात्र त्या कुत्र्याने द्यायचा.

पण मोठा आक्षेप उरतोच. एखाद्या व्यक्तीबद्दल तिच्या कुळावरून आधीच मत बनवायचं, हे आपण माणसांत अन्याय मानतो. कुत्र्यांत का चालावं? सोपं उत्तर असं, की माणसाची जात ही कुणी गुण निवडून पैदा केलेली गोष्ट नाही. ती उतरंड आहे, सत्तेसाठी रचलेली. कुत्र्याची जात खरोखर निवडून घडवलेली आहे. हे उत्तर बरोबर आहे, पण पूर्ण नाही, कारण उतरंड कुत्र्यांतही घुसलीच. इंग्रजांनी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला 'परायाह डॉग' म्हटलं. हा शब्द तमिळ प्रदेशातल्या परैयर या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या नावावरून इंग्रजीत गेला. एका माणूससमूहाचा अपमान कुत्र्याला चिकटवला आणि कुत्र्याचा अपमान परत त्या माणसांना. आता 'इंडी' म्हणतात ते बरं झालं. ही काही कुठल्या उच्च जातीची बिघडलेली संकरित अवलाद नव्हे. प्रदर्शनं भरण्याच्या कितीतरी आधीपासून ती इथल्या हवेत आपली आपण घडत आली आहे.

सरकारलाही जातीचा मोह सुटत नाही. मार्च 2024मध्ये केंद्राने पिटबुलसह 23 जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नयेत असं राज्यांना कळवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. चावलेल्या मुलाच्या आईबापांना तो निकाल कसा वाटला असेल, याची कल्पना मी करू शकतो, पण यादी करून प्रश्न सुटला असं वाटणं हीच मोठी फसवणूक होती.

सगळ्यात कठीण भाग मात्र पगचा आहे. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि शहरोशहरी पग दिसू लागले. 'मांजरीबरोबर चालेल' अशा याद्यांत तो हमखास वर असतो. आणि खरंच, तो मांजरीला काही करत नाही. त्याचं एक कारण म्हणजे स्वभावाने तो लोभस आहे. दुसरं असं, की तो धावू लागला तर थोड्याच वेळात त्याला धाप लागते. कवटी आखूड केली, पण आतलं मांस त्या मानाने आखूड झालं नाही. नाकपुड्या चिरेएवढ्या, मऊ टाळू श्वासाच्या वाटेत. कुत्रा घामाने नव्हे, धापेने थंड होतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात धापच अडली तर काय होतं ते तिथल्या पशुवैद्यांना विचारावं. रात्री तो घोरतो तेव्हा घरचे हसतात. ते घोरणं म्हणजे श्वासासाठीची धडपड असते. नेदरलँड्सने अतिआखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंधनं आणली ती यामुळेच.

म्हणजे आपल्याला निरुपद्रवी प्राणी हवा होता आणि आपण काही अंशी अपंगत्व विकत घेतलं. मांजर सुरक्षित राहिली, पण त्याची किंमत तिसऱ्याच जिवाने दर श्वासाला मोजली. अशा घराला मी शांत घर म्हणू शकत नाही. कुणी म्हणेल, तो पग जन्मला आहेच, त्याला घर द्यायला नको का? अनाथ झालेल्या पगला घर जरूर द्यावं. पैसे मोजून नवा जन्माला घालायला लावू नये. या दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत, पण दुसरीत पुढच्या पिल्लाची ऑर्डर असते.

मग स्वभाव येतो कुठून, निव्वळ वंशातून नसेल तर? झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने 1930मध्ये मांजरीच्या पिल्लांवर केलेला प्रयोग मला इथे आठवतो. आईला उंदीर मारताना पाहत वाढलेल्या 21 पिल्लांपैकी 18 पिल्लं उंदीर मारायला शिकली. उंदरांच्याच पिंजऱ्यात वाढलेल्या 18पैकी फक्त 3 शिकली, आणि त्यांनीही आपल्या सोबतच्या उंदरासारख्या उंदराला हात लावला नाही. (प्रयोगात किती उंदीर गेले, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारत नसे.) कुत्र्यांबद्दल स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेत दीर्घकाळ अभ्यास करून 1965मध्ये दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वावरतं त्यांना ते आपलं मानू लागतं. धनगराच्या वाड्यावर कोकरांत लोळणारं पिल्लू पुढे मेंढ्या राखतं, ते उगीच नाही. आपल्याकडच्या नियमानुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ते घरी येतं तेव्हा त्या काळातले चारेक आठवडे उरलेले असतात. त्या दिवसांत त्याने शांत, न पळणारी मांजर पाहिली का, हा प्रश्न पुष्कळदा जातीपेक्षा मोठा ठरतो.

यात एक जण अजून बोललेलं नाही, मांजर. कुत्रा आणायचा की नाही यावर घरात सगळ्यांचं मत घेतलं जातं, तिचं सोडून. ती आधीची रहिवासी आहे. कुत्र्याने तिला कधी दुखवलं नाही तरी ती दिवसभर कपाटावर बसून राहिली, वाळूच्या ट्रेकडे जायला घाबरू लागली, तर तिच्या आयुष्यातून आपण घराचा मोठा भाग काढून घेतला. 'अजून काही झालं नाही' हे वाक्य फक्त आपल्या दृष्टीने खरं असतं. बजरीगारांचंही तेच. पिंजऱ्याखाली दिवसभर नजर लावून बसलेला कुत्रा पिंजरा तोडत नाही, पण पक्ष्याला ते कोण समजावणार?

मावसबहिणीला मी जात सांगितली नाही. संस्थेतून दोन-तीन वर्षांची, मांजरींच्या सहवासात राहिलेली एखादी इंडी कुत्री महिनाभर फॉस्टर म्हणून आणावी, पिलू आणण्याचा हट्ट सोडावा, आणि मांजरीसाठी कुत्रीला शिरता येणार नाही अशी एक खोली राखावी, असं सुचवलं. मांजरीला मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाल्याचं तिने त्यानंतर सांगितलं. मग म्हटलं, सध्या कुत्रा आणूच नका. ती आहे तोवर थांबा. मुलगा रागावला. त्याचं म्हणणं होतं, की म्हातारी मांजर किती वर्षं जगेल ते कुणी सांगावं, तोवर तो बारावीत जाईल, आणि रस्त्यावरचं एक तरी पिल्लू दरम्यान मरेल. हा हिशोब चूक नाही. त्याने मग सोसायटीच्या फाटकाशी असलेल्या कुत्र्यांना संध्याकाळी खायला घालायला आणि त्यांच्या नसबंदीसाठी वर्गणी जमवायला सुरुवात केली, ज्यावरून आता सोसायटीच्या बैठकीत भांडणं चालू आहेत.