कुणाच्या हाताखालचं पोर?

बेळगावात क्रिकेट खेळणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हल्ली दोन सर असतात. एक शाळेचे, ज्यांना सगळी शाळा पीटी सर म्हणते. दुसरे अकॅडमीचे, ज्यांची फी वडील दर महिन्याला मोबाइलवरून पाठवतात. शाळेचे सर शनिवारच्या सामन्यात त्याला सहाव्या क्रमांकावर पाठवतात, कारण संघाला तिथं डाव सांभाळणारं कुणीतरी हवं असतं. सोमवारी अकॅडमीचे सर विचारतात, 'ओपनिंगला का गेला नाहीस?' मुलगा दोघांनाही 'हो सर' म्हणतो. या दोन सरांची गाठ क्वचितच पडते. पडली तर एखाद्या स्पर्धेच्या मांडवात, आणि तिथंही बोलणं नमस्काराच्या पुढं जात नाही.

यातला कुठला सर खरा, यावर घरोघरी वाद होतात आणि ते व्यर्थ जातात. मला त्याहून साधा प्रश्न पडतो : या मुलानं आठवड्यात एकूण चेंडू किती टाकले, हे कुणाला ठाऊक आहे? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं वयोगटाप्रमाणे वेगवान गोलंदाजांना मर्यादा घालून दिल्या आहेत. १३ वर्षांखालच्या मुलानं एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांपेक्षा जास्त टाकू नयेत, असा तो दंडक. वाढत्या वयात पाठीच्या मणक्यावर येणारा ताण हे त्यामागचं कारण. आपल्याकडे शाळेचे सर सामन्यातली षटकं मोजतात, अकॅडमीचे सर नेटमधला वेळ मोजतात, आणि बेरीज कुणीच करत नाही. पाठ दुखायला लागली की शाळेचे सर म्हणतात, अकॅडमीत जास्त होतंय. अकॅडमीचे म्हणतात, शाळेनं वापरून घेतलं. दोघंही खोटं बोलत नसतात.

या भागाला ही फाळणी नवी आहे. आपल्याकडे शिकवणं आणि सांभाळणं ही दोन्ही कामं एकच माणूस करत असे. त्याला वस्ताद म्हणत.

पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत हा सगळा पट्टा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बनता सिंगला हरवून खंचनाळ्यांनी पहिली हिंदकेसरीची गदा आणली. तयारी कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत झालेली. सीमेवरच्या गावातून पोरगं उचलायचं आणि कोल्हापूरच्या तालमीत नेऊन टाकायचं, ही इथल्या बापांची जुनी रीत. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि १९१२ चं खासबाग मैदान यांमुळं कोल्हापूरची ओढ होतीच, पण बाप पोराला शहराच्या नव्हे, वस्तादाच्या हवाली करत असे. 'तुमच्या हाताखाली दिलाय' एवढंच बोलणं व्हायचं.

त्या हाताखाली काय काय यायचं ते पाहा. पहाटेच्या जोर-बैठका, हौद्यातल्या लढती, खुराक, झोप. पोराची पकड ढिली पडते कुठं, डावा पाय मागं राहतो का, हे वस्ताद एकेकाला वेगळं दाखवायचा. आजच्या भाषेत ते 'पर्सनल कोचिंग'च. पण आज कोण कुणाशी लढणार हेही तोच ठरवायचा, म्हणजे तगड्या पोराला हलक्याच्या अंगावर किती सोडायचं याचा हिशेब त्याच्याकडे असे. मैदानात जोड लावताना पोराच्या नावाबरोबर तालमीचं नाव पुकारलं जायचं. जोड चुकली, पोर जायबंदी झालं, तर गावाकडच्या बापाला आणि तालमीतल्या बाकीच्या चाळीस पोरांना तोंड द्यायची पाळी वस्तादावरच यायची. शिकवणारा आणि उत्तर देणारा एकच असल्यामुळं त्याला घाई करण्यात फायदा नव्हता. न्यू मोतीबाग तालमीचे वस्ताद गणपतराव आंदळकर स्वतः १९६० चे हिंदकेसरी, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला गेलेले. एवढ्या मोठ्या मल्लानंही पुढं पोरं घडवली ती तालमीत राहूनच.

तरीही वस्तादांच्या नावानं फार गहिवरून येण्याचं कारण नाही. वस्तादाचा शब्द मोडता येत नसे, दुखणं सांगणं म्हणजे कमजोरी ठरे, आणि मुलींना त्या दारातून आत येणंच शक्य नव्हतं. बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकाराच्या ५२ किलो गटात कांस्यपदक घेऊन आली, ती ज्यूदोच्या वाटेनं. तालमीच्या दारातून ती वाट जातच नव्हती. म्हणजे जुनी घडी मोडली हे सगळंच वाईट झालं असं नाही. मोडताना त्यातलं एक अंग बाजारात गेलं आणि दुसरं बेवारस राहिलं, एवढंच माझं म्हणणं. शिकवण्याला किंमत आली. उत्तर देण्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

आता कुणी म्हणेल, रमाकांत आचरेकरांना कुठल्या खणात घालणार? शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ त्यांच्या हाताखाली, कामत मेमोरियल क्लबही त्यांचाच. सचिन तेंडुलकरनं त्यांच्या सांगण्यावरून शाळा बदलली, आणि हेच सर त्याला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. एकदा स्वतःचा सामना बुडवून हा मुलगा शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला वानखेडेवर गेला, तेव्हा सरांनी त्याला चांगलंच सुनावलं : दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ. संघाच्या प्रशिक्षकानं असं बोलावं का, हा वादाचा विषय आहे. पण बोलणारा माणूस त्याच शाळेच्या संघाला उत्तरदायी होता, म्हणून ते बोलणं खपून गेलं.

त्याच शाळेनं १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची नाबाद भागी पाहिली. सचिन आणि विनोद कांबळी आत खेळत होते, आणि पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार पॅड बांधून बाहेर बसला होता. बसूनच राहिला. पुढं रणजीत ढिगानं धावा केल्या तरी भारताकडून खेळायला मिळालं नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या महिला संघानं नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. यातून नियम काढायचा मोह होतो, पण एका माणसाच्या आयुष्यातून नियम निघत नाही. एवढं मात्र दिसतं की बाहेर बसणं हाही संघाच्या खेळातला भाग आहे आणि त्या बसलेल्या पोराचं काय होतं, याकडे बघणारा माणूस संघाचाच असावा लागतो.

नेमकं हे बाहेर बसणं टाळायला आज पालक पैसे मोजतात, असं मला वाटतं. बेळगावात व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर सुटीच्या दिवशी सकाळी चक्कर मारली तर कडेला मोबाइल धरून उभे असलेले बाप दिसतील. पोराचा प्रत्येक फटका टिपला जातो. त्याच्या जोडीदाराचा शून्यावर गेलेला डाव कुणाच्याच मोबाइलमध्ये नसतो. खासगी सर या बापाचं खातं सांभाळतो. तो वाईट माणूस नसतो. बहुतेक वेळा तो स्वतः जिल्ह्यासाठी किंवा विद्यापीठासाठी खेळलेला, नोकरी न मिळालेला, महिन्याला वीस-पंचवीस मुलांवर घर चालवणारा असतो. त्याला खेळाचं तंत्र पीटी सरांपेक्षा नक्की जास्त कळतं. पण 'तुमचा मुलगा संघात बसत नाही, अजून दोन वर्षं थांबा' हे वाक्य त्याला परवडत नाही. पीटी सरांना परवडतं, कारण त्यांचा पगार त्या बापाच्या हातात नाही. तोच त्यांचा दोषही होतो : मुलाकडे वर्षभर ढुंकूनही पाहिलं नाही तरी त्यांचा पगार थांबत नाही. शिवाय एकाच माणसावर अख्ख्या शाळेची कवायत, स्नेहसंमेलन, प्रभातफेरी आणि निवडणुकीचं काम. त्यात तालुक्याच्या स्पर्धेआधी आठ दिवस संघ गोळा होतो, तोच सराव.

काही खेळ मात्र बाजाराच्या हाती लागतच नाहीत. खो-खोत आठ जण पाटीवर बसतात आणि एक धावतो. खांबावरची झेप एकट्याला शिकवता येईल. खो कधी द्यायचा आणि मिळाल्यावर अंग कसं उचलायचं, हे उरलेल्या आठांशिवाय शिकवता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि दोन्ही विजेते भारतीय संघ मराठी कर्णधारांचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. खो-खोचा खासगी क्लास लावणारा बाप मला अजून भेटलेला नाही, भेटू नये अशीही इच्छा आहे.

वरच्या पातळीवर गोष्ट उलटी होते, हे मान्य करायला हवं. मनू भाकरनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदकं जिंकली तेव्हा तिचे वैयक्तिक प्रशिक्षक जसपाल राणा अधिकृत प्रवेशपत्र नसल्यानं प्रेक्षकांत बसले होते. त्या पातळीवर खेळाडूला आपला माणूस हवाच. पण बावीस वर्षांच्या ऑलिम्पियनचा न्याय बारा वर्षांच्या पोराला लावणं हीच आपली चूक होते. मनू आपला प्रशिक्षक स्वतः निवडते. बारा वर्षांच्या पोरासाठी सगळं बापच निवडतो.

निपाणीकडे आलं की या प्रश्नाला आणखी एक पीळ पडतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. फुटबॉल शिकायचा तर पोरगं साहजिकच कोल्हापूरकडे बघतं, जिथं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी तालमींची नावं फुटबॉलच्या जर्सीवर आहेत आणि शाहू स्टेडियम भरतं. तिथले सर त्याला उत्तम शिकवतील. मात्र शाळेकडून खेळताना त्याचा रस्ता चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यातून कर्नाटकच्या राज्य स्पर्धेकडे जातो. निवड चाचणी कधी, कुठला दाखला लागतो, फॉर्मवर कुणाची सही, यातलं कोल्हापूरच्या सरांना काहीही ठाऊक नसतं, आणि ते त्यांचं कामही नाही. दहावी झाली की तेच पोरगं देवचंद कॉलेजात जातं. कॉलेज निपाणीला लागून, पण अर्जुननगर म्हणजे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. घर तेच, मैदान सायकलच्या अंतरावर, आणि राज्य बदललेलं. शाळेत मिळालेली कर्नाटकची प्रमाणपत्रं तिथं किती मोलाची, हे सांगणाराही कुणीतरी हवा.

शिकवणी सीमा ओलांडते, निवड ओलांडू शकत नाही. त्या दोहोंच्या मधे पोराचा हात धरणारा माणूस म्हणजे गावातला क्रीडाशिक्षक. निवड शिबिरात कानडीतून दिलेली सूचना मराठी पोराला कानात समजावून सांगणारा तो, रात्रीच्या बसनं बेंगळुरूला नेऊन परक्या शाळेच्या वर्गात सतरंजीवर पोरांशेजारी झोपणारा तो, आणि निवड झाली नाही तर परतीच्या बारा तासांत त्या पोरासमोर बसणाराही तोच. या कामाची फी कुठल्याही दरपत्रकात नाही. बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले जवान पहाटे रस्त्यावर पोरांना भरतीसाठी पळवतात, तेही याच जातकुळीचं काम.

म्हणून माझा कल उघड आहे. खासगी सर असावेत, तंत्रासाठी त्यांच्याकडे जावं, फीही द्यावी. पण शाळकरी वयात मोसम सुरू झाला की शेवटचा शब्द संघाच्या सरांचा असावा : किती षटकं, कुठला क्रमांक, कुठल्या दिवशी विश्रांती. खासगी सरांनी महिन्यातून एखादा सामना सीमारेषेबाहेर उभं राहून बघावा, आणि चेंडूंची एक वही दोघांत मिळून असावी, जी मुलाच्या दप्तरातून शाळेत आणि अकॅडमीत फिरेल. पालक महिन्याला अकॅडमीला जेवढं देतात त्याचा थोडासा भाग शाळेच्या संघाच्या प्रवासखर्चाला दिला, तर बेंगळुरूची बस सुटताना पीटी सरांना स्वतःच्या खिशात हात घालावा लागणार नाही. हे मी पालकांच्या एका बैठकीत सुचवलं होतं. एका गृहस्थांनी लगेच विचारलं, 'पण मग माझा मुलगा संघात नक्की असेल ना?'