सोमवारची भाकरी

तरुणपणी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून मी सिद्धेश्वरांचा नंदीध्वज पेलला. सत्तरीत हृदयाची झडप बदलली आणि आता खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागतो. तरी श्रावणी सोमवारचा उपवास मोडवेना. डॉक्टर म्हणाले, "काका, नुसता वजनकाटा नको, मांडी बघा. म्हातारपणी झडप बदललेल्यांत स्नायू झडलेली माणसं कमी तगतात. थोडी अंगानं भरलेली उलट जास्त."

देह झिजवला की देव पावतो, हे घरात मुरलेलं. पण बाराव्या शतकात याच सिद्धेश्वरांनी, म्हणजे सिद्धरामांनी, सोलापुरात तळं उभं केलं ते अंगमेहनतीच्या बळावर. त्यांच्यासारख्या शिवशरणांना कष्ट हीच पूजा. मग कष्टाचं अंगच मी का वाळवावं? सोमवारी आता ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताक घेतो आणि तलावापर्यंत चालतो. सौ.ला अजून पटलेलं नाही.