रोग्याची चिंता आणि भगवंतांचे आश्वासन

दीर्घ व्याधीने ग्रासलेल्या अनेक भाविक गृहस्थांच्या मनात एक शल्य सलत असते. ते म्हणतात, “मी नित्य गीतापाठ करतो, भगवंतांवर माझा विश्वास आहे; तरी मध्यरात्री जाग आली की पुढच्या विचाराने काळीज धडधडू लागते. माझी श्रद्धाच खोटी तर नव्हे?” आधी शरीराला रोग, त्यात मनाला चिंता, आणि त्या चिंतेविषयी पुन्हा अपराधाची भावना! हे तिसरे ओझे शास्त्राने रोग्याच्या माथी ठेवलेले नाही.

सोळाव्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात, आसुरी वृत्तीच्या वर्णनात, मरणापर्यंत न संपणाऱ्या अपरिमित चिंतेचा उल्लेख आहे. पाठ करणारा रोगी येथे दचकतो. परंतु मागचापुढचा संदर्भ पाहावा. ती चिंता विषयोपभोग हेच सर्वस्व मानून त्यासाठी अन्यायाने द्रव्य साठविणाऱ्यांची आहे. व्याधीने गांजलेल्या आणि मुलाबाळांची काळजी वाहणाऱ्या जीवाची नव्हे. शिवाय आसुरी वृत्तीचे हे सविस्तर वर्णन सुरू करण्यापूर्वीच, पाचव्या श्लोकात, भगवंत अर्जुनाला सांगतात की, तू शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊनच जन्मला आहेस. पुढील वर्णन ऐकून शिष्य स्वतःविषयी शंकित होईल, हे जाणून गुरुमाउलीने आधीच धीर दिला! शोक न करण्याचे हेच शब्द पुन्हा अठराव्या अध्यायात, शरणागतीच्या सहासष्टाव्या श्लोकात आले आहेत.

हे आश्वासन कोणाला मिळाले? पहिल्या अध्यायात ज्याचे तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, त्वचेचा दाह झाला आणि हातातून गांडीव गळू लागले, त्याला. अर्जुन शरीराने धडधाकट होता. साक्षात भगवंत त्याचे सारथ्य करीत होते. तरी असे झाले. यावरून स्पष्ट होते की, भगवंत जवळ असतानाही भय उत्पन्न होऊ शकते. भय वाटणे हे भक्तीच्या अभावाचे प्रमाण नव्हे.

त्या अध्यायाच्या नावातच ‘विषाद’ हा शब्द आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादालाच अग्रस्थान दिले आहे. आणि ११ व्या अध्यायात अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, म्हणजे ‘सत्त्वावजय’, हा चिकित्सेचा एक स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. तात्पर्य, मनाची व्यथा आपल्या वैद्यकाने निंदेचा नव्हे, चिकित्सेचा विषय मानली.

मधुमेहाचे उदाहरण घ्या. मनावरील ताणाने रक्तातील साखर वाढू शकते, असे आजचे वैद्यकही सांगते. शिवाय औषधामुळे साखर फार उतरली असता कंप, घाम आणि धडधड होते. चिंतेनेही नेमके तेच होते. म्हणून अशा वेळी “हे नुसते भय आहे” म्हणून रोग्याने स्वस्थ बसू नये. साखर तपासावी, तपासणे शक्य नसेल तर ती उतरली आहे असे समजून तत्काळ साखर घ्यावी. नामस्मरण चालू असावेच. परंतु उपचार टाळण्यासाठी त्याचे निमित्त करू नये.

कोणी विचारील, दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सुखदुःखांना सोसावयास सांगितले, त्याचे काय? सोसणे म्हणजे औषध टाकणे नव्हे. योगसाधना दुःख हरण करणारी व्हावी म्हणून आहार, विहार, निद्रा व कर्म ही सर्व प्रमाणात असावीत, असे त्याच भगवंतांनी सहाव्या अध्यायात सांगितले आहे. वेळेवर औषध, पथ्य आणि चालणे हे रोग्याचे आजचे कर्म होय. दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या तपासणीतील आकडा हे त्याचे फळ होय. कर्म आपल्या हाती आहे; फळावर आपली सत्ता नाही. आकडा वाईट आला तर तो वैद्याला सांगावयाची वार्ता आहे, आपल्या पुण्याईचा निवाडा नव्हे.

आणखी एक गोष्ट अर्जुनाकडून शिकावी. त्याने आपली व्यथा लपविली नाही. जवळ असलेल्याला ती मोकळेपणाने सांगितली, म्हणूनच गीता प्रकट झाली. रोग्यानेही आपले भय घरच्यांना व वैद्याला सांगावे. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तर मनाच्या वैद्याकडे जाण्यात लाज मानू नये. घरच्यांनीही “इतके देवदेव करता, मग घाबरता कशाला?” असे बोलून त्याच्या जखमेवर मीठ चोळू नये. भगवंतांनी अर्जुनाला क्षुद्र दुर्बलता सोडून उठावयास सांगितले हे खरे. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तो सावरेपर्यंत त्यांनी त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली.

बंधुभगिनींनो, रात्री भय दाटून आले की त्याच्याशी झगडू नका आणि त्याची लाजही बाळगू नका. ते जसे आहे तसेच भगवंतांपुढे ठेवा. कंप पावणाऱ्या अर्जुनाचा रथ ज्यांनी सोडला नाही, ते तुमच्या रोगशय्येजवळून उठून जाणार नाहीत.