आधी उत्तर, मग शब्द

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या आईला घरी, दारी आणि दवाखान्यात एकच प्रश्न सारखा ऐकावा लागतो : किती शब्द बोलतो? शेजारच्या मुलीचे पन्नास झाले, आपला अजून ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘दे’ यांवरच अडलाय, ही काळजी मग तिची झोप उडवते. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. दोन वर्षांचं मूल पन्नास शब्दांच्याही आत असेल, दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला तज्ज्ञांकडे न्यावं हा संकेत जगभर पाळला जातो आणि तो पाळायलाच हवा. पण शब्द मोजायची सवय लागली, की शब्द ही शिकवायची गोष्ट आहे असं वाटू लागतं. भिंतीवर प्राण्यांचे तक्ते लागतात, हातात चित्रांची कार्डं येतात आणि ‘हे काय आहे? सांग बरं, हे काय आहे?’ अशी मुलाची दिवसभर परीक्षा सुरू होते. माझं म्हणणं असं, की मूल शिकवण्याने फारसं बोलत नाही. त्याला कुणीतरी उत्तर देतं, म्हणून ते बोलतं. मुलाच्या बोलण्याला आधार द्यायचा म्हणजे त्याने सुरू केलेल्या संवादात आपण हजर राहायचं.

शब्दांच्या मोजदादीला प्रतिष्ठा मिळाली ती बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या १९९५ सालच्या पुस्तकामुळे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ४२ कुटुंबांत त्यांनी दर महिन्याला तासभर बसून, मुलं तीन वर्षांची होईपर्यंत, घरातलं बोलणं टिपलं. त्यावरून हिशेब मांडून त्यांनी सांगितलं, की उच्चशिक्षित घरातलं मूल चार वर्षांचं होईतो गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकतं. हा आकडा जगभर गेला. त्या ४२ घरांपैकी सरकारी मदतीवर जगणारी घरं फक्त सहा होती, हे मात्र आकड्याबरोबर गेलं नाही. शेजारपाजार, आजी, भावंडं यांचं बोलणं त्या हिशेबात नीट धरलं नव्हतं, अशीही टीका पुढे झाली. या आकड्याने केलेलं मोठं नुकसान म्हणजे दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईच्या माथी ‘तू मुलाशी कमी बोलतेस’ हा ठपका आला.

२०१८मध्ये रेचेल रोमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास केला. घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना मुलांच्या मेंदूत काय घडतं तेही पाहिलं. मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची किती देवाणघेवाण झाली, याच्याशी मेंदूतल्या भाषेच्या केंद्राची हालचाल जुळत होती. घरच्या उत्पन्नाचा आणि शिक्षणाचा परिणाम वजा केला तरी जुळत होती. अभ्यास छोटा आहे, त्याने सगळं सिद्ध होतं असं कुणी म्हणणार नाही. पण त्याने योग्य जागी बोट ठेवलं. सतत बोलणाऱ्या घरातही मुलाला उत्तर मिळत नसेल असं घडू शकतं, आणि मितभाषी घरात मिळत असेल असंही.

हे उत्तर मुळात कसं दिसतं? दोन-तीन महिन्यांचं बाळ पायांच्या सायकली मारत ‘अंग्गू’ म्हणतं. आई म्हणते, ‘हो का? मग काय झालं?’ आणि थांबते. बाळ तिच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा हुंकार देतं. त्या थांबण्याला फार मोल आहे. पहिलं वाक्य यायच्या वर्षभर आधीच बाळाला ‘आता तुझी पाळी’ हे कळलेलं असतं. आपल्याकडे बाळाला अंघोळ घालणारी मालीशवाली बाई तेल चोळता चोळता अखंड बोलत असते आणि बाळाच्या प्रत्येक आवाजाला जबाब देते. आजी तर त्याच्यापुढे जाऊन बाळाच्याच वतीने बोलते : ‘आम्ही आज भुर्र जाऊन आलो. आम्ही नाही जा बोलत आजोबांशी.’ बांबी शिफलिन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत असंच काही पाहिलं. तिथे मोठी माणसं तान्ह्या बाळाशी थेट फारशी बोलत नाहीत, पण आई बाळाला लोकांकडे तोंड करून धरते आणि उंच स्वरात त्याच्या वतीने बोलते. तिथली मुलंही उत्तम बोलू लागतात. म्हणून पुस्तकात दाखवलेली, गालिच्यावर बसून खेळणी दाखवणारी एकटी आई हा बालसंगोपनाचा एकमेव नमुना मानू नये. बाळाला बोलण्यात सामील करून घेण्याचे मार्ग अनेक आहेत. ऊसतोडीच्या कोपीवर धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी आठ-नऊ वर्षांची ताई हाही त्यातला एक मार्ग आहे. तिच्या शाळेची किंमत देऊन तो चालतो, ही आपली लाज.

‘भूभू’, ‘माऊ’, ‘मंमं’ म्हणण्याने मूल बोबडंच राहील, ही भीती सुशिक्षित घरांत अलीकडे वाढली आहे. ती निराधार आहे. आवाजांची पुनरावृत्ती असलेले असे शब्द ज्या बाळांच्या कानावर जास्त पडतात, त्यांचा शब्दसंग्रह जास्त वेगाने वाढतो, असं एडिंबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांना आढळलं. उच्चारांचंही तेच. ‘र’ आणि ‘ळ’ हे आवाज उशिराच बसतात, तीन वर्षांच्या मुलाने ‘लाजा’ म्हटलं तर त्याला ‘राजा’वर घोटत बसण्याची गरज नसते. मूल म्हणालं, ‘गाली गेला’, तर ‘गेला नाही, गेली म्हण’ असं सांगणं सोपं असतं. त्यापेक्षा ‘हो, गेली गाडी! लांब गेली. कुठे गेली असेल?’ असं म्हटलं, की लिंग दुरुस्त होतं, वाक्य मोठं होतं आणि गप्पाही पुढे सरकतात. मुलं ‘मी करलं’, ‘बाबा येला’ असंही म्हणतात. घरात कुणी तसं बोलत नाही, म्हणजे ती नक्कल नव्हे. ‘बसलं’, ‘हसलं’ ऐकून मुलाने स्वतः नियम शोधला आणि तो ‘कर’ला लावला. भाषा आतून घडत असल्याचा इतका स्पष्ट पुरावा समोर असताना त्यावर हसणं किंवा रागावणं मला पटत नाही.

पडद्याबद्दलच्या चर्चेतही मुद्दा हाच आहे. पॅट्रिशिया कुल यांनी २००३मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तक दाखवत राहिली. काहींना तीच व्यक्ती, तेच बोलणं पडद्यावर दिसलं. बारा बैठकींनंतर पहिल्या गटाला चिनी आवाजांतले भेद ओळखता येत होते, दुसऱ्या गटाला काहीच आलं नव्हतं. जेवण भरवताना मोबाइलवर लावलेली बालगीतं मुलाला आकडे आणि रंग पाठ करायला शिकवतीलही. पण मूल ‘ऑ?’ म्हणतं तेव्हा ती थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं सांगितलं, ते याच कारणाने समजून घ्यावं. उलट, व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस मुलाला बघून, त्याचं ऐकून बोलत असेल, तर दोन-अडीच वर्षांची मुलं त्यातून नवे शब्द शिकतात, असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं. न्यू जर्सीतल्या नातवाशी साताऱ्याची आजी रोज पंधरा मिनिटं बोलत असेल, तर तो वेळ मोबाइलच्या हिशेबात धरू नये.

आता भाषेच्या निवडीचा प्रश्न. पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी घरांत मूल वर्षाचं होताच आईबाप इंग्रजीकडे वळतात, पूर्वप्राथमिकच्या प्रवेशाची तयारी म्हणून. ‘बेटा, हँड वॉश कर’, ‘लुक, डॉगी!’ दोन भाषा एकत्र आल्याने मुलाची भाषा बिघडते असं मानण्याला आधार नाही. आपल्या देशात बहुभाषक बाळपण ही रीतच आहे. बिघडतं ते वेगळं. ज्या इंग्रजीत आईला रुसता येत नाही, थापा मारता येत नाहीत, शेजारच्या भांडणाचा किस्सा सांगता येत नाही, ती इंग्रजी मुलाच्या वाट्याला फक्त आज्ञा आणि नावं म्हणून येते. मुलाने ‘का?’ विचारलं की ती संपते. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या पालकांना ‘घरात एकच भाषा ठेवा, शाळेची ठेवा’ असा सल्ला आजही मिळतो. दुसऱ्या भाषेने बोलणं लांबतं असं संशोधन सांगत नाही, आणि घरची भाषा काढून घेतली की मुलाचे आजी-आजोबाच त्याच्याशी बोलायचे थांबतात.

कानांना तर घरच्या भाषेची ओळख फार लवकर होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक सहज ओळखतात, वर्षाची होता होता तीच बाळं तो ओळखेनाशी होतात, कारण त्यांच्या भोवतीच्या बोलण्यात त्या फरकाला अर्थ नसतो. पहिला शब्द यायच्या आतच बाळाने कानाने आपली माणसं ठरवलेली असतात.

म्हणूनच ज्या बाळाच्या कानापर्यंत आवाज पोचतच नाही, त्याच्या बाबतीत ‘बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला’ हे वाक्य मला घातक वाटतं. हजारात एक ते तीन बाळं जन्मतः कायमचा श्रवणदोष घेऊन येतात. ती हुंकारतात, हसतात, दाराची सावली हलली की वळून बघतात. घरच्यांना शंका यायला दीड-दोन वर्षं जातात. पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात, हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी १९९८मध्ये कोलोरॅडोतल्या मुलांवरून दाखवून दिलं, की सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे असते. पहिली चाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी खुंटी बसवून काही मिनिटांत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३पासून या क्षेत्रात आहे, मैसूरची संस्था त्याहून जुनी. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि बोलण्यातला उशीर, दोन्ही तपासणीच्या यादीत आहेत. तरीही तालुक्याच्या प्रसूतिगृहातून डिस्चार्ज होताना बाळाला लस मिळते, कानांची तपासणी मात्र अनेक ठिकाणी होत नाही. आणि दोष सापडलाच, तर यंत्राची वाट बघताना मुलाला सांकेतिक भाषेपासून दूर ठेवणं हीही उपासमारच. हातांनी दिलेलं उत्तरही उत्तरच असतं.

उत्तर देण्याची जबाबदारी घरावर टाकून समाजाला मोकळं होता येणार नाही, हे महाराष्ट्राला फार पूर्वी कळलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं, आणि मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथेच रुजला. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. अनुताई वाघांनी ते पुढे आयुष्यभर चालवलं. आदिवासी मूल गप्प असतं ते मंद असल्यामुळे नव्हे, हे त्या दोघींनी वारली वस्त्यांत राहून जाणलं होतं. १९७५च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव घेतलं. पुढे वजन, उंची, दंडाचा घेर आणि आहार यांच्या नोंदींनी ती व्यापली. २०२१पासून त्यात पोषण ट्रॅकर हे नोंदींचं मोबाइल ॲप आलं. कुपोषणाची नोंद हवीच, मेळघाटात तर हवीच हवी. पण सेविकेची नजर मोबाइलच्या पडद्यावर असते तेव्हा समोर बसलेलं तीन वर्षांचं मूल कोरकूत काहीतरी सांगत असतं, आणि कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, पूर्ण वेगळी भाषा आहे. धडगाव-अक्कलकुव्यात भिली आणि पावरी, भामरागडला माडिया. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेचा आग्रह धरला, पण धोरण पहिलीच्या पुस्तकापाशी पोचेपर्यंत मुलाची पाच-सहा वर्षं निघून गेलेली असतात.

यावर अंगणवाडीच्या नोंदवहीत ‘भाषाविकास’ नावाचा आणखी एक रकाना वाढवणं हा उपाय सुचणार, याची मला धास्ती आहे. रकाना नको, वेळ हवा. नोंदींचं ओझं कमी करून सेविकेला रोज तासभर मुलांत बसता यावं, आणि त्या तासात तिने काय भरलं हे कुणी विचारू नये. दुसरी मागणी मदतनीसाबद्दल आहे. खिचडी शिजवणारी, झाडलोट करणारी, पोरांना घरून गोळा करून आणणारी ही बाई बहुतेक वेळा त्याच पाड्यावरची असते. मुलाच्या भाषेत मुलाला उत्तर देणारं अंगणवाडीतलं ते कित्येकदा एकमेव माणूस असतं. तिच्या त्या बोलण्याला आज कामाचा दर्जा नाही, प्रशिक्षण नाही आणि मानधनही सेविकेहून कमी. गोष्टी सांगणं, मुलाचं वाक्य उचलून पुढे नेणं, न ऐकू येणारं मूल ओळखणं हे तिला शिकवावं, आणि त्या कामाचा मोबदला तिला वेगळा द्यावा.